थेंब न शिरणारी गाडी

सुशीलच्या गाडीत पाण्याचा थेंब शिरत नाही, ही गोष्ट पेणजवळच्या हमरापुरात सगळ्यांनी मान्य केलेली होती. ज्यांनी केली नव्हती, त्यांना सुशीलने गाडीवर पाण्याचा पाइप सोडून मान्य करायला लावली होती. गणपतीच्या कारखानदाराला याबाबतीत हयगय चालत नाही. आभाळ फाटलेलं असतं नेमके तेच दिवस मूर्ती मुंबई-पुण्याला पोचवायचे असतात. रंगावर एक थेंब पडला की देवाच्या गालावरून ओघळ येतो, मग व्यापारी मूर्ती घेत नाही आणि गिऱ्हाईक तर तिच्याकडे बघतसुद्धा नाही. म्हणून ती लांबलचक टेम्पो ट्रॅव्हलर दारात आल्यापासून सुशील तिच्या एकेका फटीच्या मागे लागला होता. दाराला दुहेरी रबर, काचांच्या कडेने सिलिकॉन, छताच्या जोडांवर एम-सील. "माझ्या गाडीत वारासुद्धा विचारून शिरतो," असं तो चारचौघांत सांगायचा.

पुढे त्याच्या डोक्यात त्याच गाडीचं घर करायचं खूळ शिरलं. गणपती गेले, नवरात्रातल्या देव्या गेल्या, की गाडी अंगणात कोंबड्यांना सावली देत उभी राहते. त्यापेक्षा ती सजवावी, फिरावं, जमलं तर पुढे भाड्याने द्यावी. हौसेला मोल नसतं. रोह्याच्या एका गॅरेजात त्याने आत पलंग, फळ्या, छोटा ओटा बसवून घेतला. मागचं दार पलंगाआड कायमचं गेलं. ड्रायव्हरची केबिन आणि मागची खोली यांच्यामधली प्लायची भिंत होती तशीच राहिली. गॅरेजवाल्याने छताला पंख्यासाठी एक गोल भोक मात्र न विचारता पाडलं. माणसं झोपणार म्हटल्यावर हवा लागेल, असं त्याचं म्हणणं.

सुशीलने घरी आल्या आल्या त्या भोकावर पत्रा मारला. "श्रावणात परत मूर्ती न्यायच्या हायत. भोकं ठेवायला ही काय चाळण हाय?"

"निदान एक खिडकी तरी उघडणारी ठेवा," त्याची बायको नूतन म्हणाली.

"दार हाय ना उघडायला."

नूतन गप्प बसली. लग्न होऊन चौदा-पंधरा वर्षं झाल्यावर बाईला कुठे गप्प बसायचं ते कळतं, आणि नेमकं तिथेच गप्प बसायला नको होतं हे मागाहून कळतं.

जायचं कुठे, हा प्रश्न मात्र निघालाच नाही. तिचा सासरा पोपट उभ्या जन्मात शंकर-पार्वतीच्या मांडीवरचे शेकड्यांनी गणपती रंगवत आला होता. त्या प्रत्येकामागे कैलास असायचा, पांढराशुभ्र, चुन्याच्या भिंतीसारखा. म्हाताऱ्याने बर्फ पाहिला होता तो पेणच्या मासळीबाजारात. खरा कैलास परमुलखात, तिकडे जायला पासपोर्ट लागतो. पण हिमाचलात किन्नौरला एक कैलास आहे आणि तो रस्त्यावरून दिसतो, असं त्याच्या नातीने, पिंकीने, मोबाइलवर शोधून काढलं. पोपट त्या दिवशी जेवायचा राहिला. "जन्मभर ज्याला रंग दिला त्याचं त्वांड तरी बघू दे मला," एवढंच तो म्हणाला.

नाताळची सुट्टी लागली आणि गाडी निघाली. निघताना सासूने, धोंडुबाईने, नूतनला बाजूला घेतलं. "म्हातारा हट्टी हाय, त्याचं मी नाय सांगत. पण पोरीला गारठू देव नको गो." हे तिने सांगायलाच हवं होतं असं नाही. पिंकी तीन वर्षांची असताना तिची छाती भरली होती. पेणच्या दवाखान्यात त्या पोरीची धाप ऐकत नूतनने ज्या रात्री काढल्या, त्या अजून तिच्या अंगातून गेल्या नव्हत्या. पोर आता बारा वर्षांची झाली, तरी शाळेतून पावसात भिजून आली की नूतन रात्रभर तिच्या छातीला कान लावून बसे.

सुकेळीची खिंड आणि बोरघाट पाहून आपल्याला घाट कळला असं समजणाऱ्या सुशीलला सतलजच्या काठाने जाणाऱ्या त्या रस्त्याने दोन दिवसांत शहाणं केलं. एका बाजूला कातळ डोक्यावर आलेला, दुसऱ्या बाजूला नदी इतकी खाली की तिचा आवाजही वर पोचायचा दमून. सुशीलची बडबड बंद झाली. पोपट मात्र खिडकीला नाक लावून बसला होता आणि दर वळणाला विचारत होता, "ह्योच का?" कैलास काही दिसत नव्हता. ढग खाली उतरले होते. पेणहून निघताना डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, वर हवा विरळ असते, डोकं दुखेल, मळमळेल, झोप येईल, घाबरायचं नाही, गोळी घ्यायची आणि पडून राहायचं. नूतनने ते मनात पक्कं बसवलं होतं.

शेवटच्या चढाला लागले त्या दुपारी बर्फ सुरू झाला. आधी भुरभुर, मग कापूस पिंजल्यासारखा. एका वळणाआधी पुढच्या जीपचे लाल दिवे लागले आणि लागलेलेच राहिले. सुशील उतरून बघून आला, तेव्हा त्याच्या टोपीवर बोटभर बर्फ होता.

"पुढं वळणापल्याड ट्रक आडवा झालाय. ढकलायला माणसं हवीत. मी जातो. खालनं पोलिसांनी रस्ता बंद केलाय म्हणं, आपल्या मागं आता कुणी येत नाय."

"किती वेळ लागंल?"

"बघू. तुमी दार लावून बसा. ऊब जाईल."

केबिनची किल्ली खिशात टाकून तो गेला. थोड्या वेळाने पुढची जीपही ड्रायव्हरने वळणापलीकडे नेली आणि रस्त्यावर ही एकटीच गाडी उरली.

ऊब होतीच कुठे जायला? गाडीत थंड हवेचं यंत्र होतं, गरम हवेचं नव्हतं. पेण-रोह्यात हीटर बसवतो कोण? नूतनने चहा टाकायला गॅस पेटवला तर ज्योत मण्याएवढी आली, थरथरली आणि विझली. सिलेंडर अर्धा भरलेला, तरी विझली. थंडीने गॅससुद्धा आत गोठून बसला असावा. पिंकी दोन स्वेटर घालून, गोधडीत शिरून, तरी कुडकुडत होती. नूतनने तिचे हात हातात घेतले तर नखं निळसर दिसली. तिच्या डोळ्यांपुढे तो जुना दवाखाना उभा राहिला.

"शेगडी काढ," पोपट म्हणाला.

शेगडी म्हणजे कारखान्यातलीच. वाटेत कुठे थांबलं की पोह्याचे पापड आणि सुके बोंबील भाजायला म्हाताऱ्याने ती हट्टाने आणली होती. सोबत पिशवीभर कोळसा. हमरापुरात श्रावणातल्या दमट हवेत मूर्ती वाळत नाहीत, तेव्हा शेडमध्ये अशा शेगड्या ठेवतात. त्यातही रीत आहे. धुराने मूर्ती काळी पडते, म्हणून कोळसे बाहेर फुलवायचे, धूर पुरता जाऊ द्यायचा, लाल झाले की मग शेगडी आत न्यायची. माणसं तिच्या शेजारी बसून दिवसच्या दिवस मूर्तींचे डोळे आखतात, कुणाला काही झालेलं नाही. पण त्या शेडला वर कौलं आहेत आणि बाजूला बांबूचे तट्टे आहेत. कौलांतून आणि तट्ट्यांतून वारा खेळता असतो, हे कुणाच्या लक्षातच आलेलं नाही, कारण तो कायमच खेळता असतो.

नूतनने रीत पाळली. बाहेर गाडीच्या आडोशाला शेगडी पेटवली, पुठ्ठ्याने वारा घातला, धूर जाईपर्यंत डोळे चोळत उभी राहिली. लाल झालेली शेगडी तिने आत आणली आणि खाली एक पत्रा घालून मधोमध ठेवली. सरकतं दार ओढलं. दुहेरी रबरामुळे ते दार कडी लावल्याशिवाय पुरतं मिटत नसे. तिने कडी लावली.

थोड्याच वेळात गाडी घर झाली. पिंकीने गोधडी फेकली. पोपटने पापड काढले आणि निखाऱ्यांवर एकेक फुलवून नातीच्या हातात दिला. काचांवरून पाणी ओघळू लागलं. बाहेर वारा गाडीला धक्के देत होता आणि आत एक झुळूकसुद्धा येत नव्हती. नूतनला नवऱ्याचं पहिल्यांदाच मनापासून कौतुक वाटलं. बोलतो जास्त, पण काम चोख करतो, असं तिला वाटलं, आणि एवढे दिवस मनातल्या मनात त्याला नावं ठेवल्याची थोडी लाजही वाटली.

"आई, डोकं दुखतंय," पिंकी म्हणाली.

"विरळ हवा गो ती. डॉक्टर बोलले व्हते ना? घे गोळी आणि पड."

पिंकी पडली. पापड हातातच राहिला. नूतनने गोधडी पुन्हा तिच्या अंगावर ओढली. तिचंही कपाळ ठणकत होतं, पण तिने गोळी घेतली नाही, गोळ्या थोड्याच होत्या. पोपट शेगडीपाशी बसून काहीतरी सांगत होता. कैलासाला रंग देताना आधी पांढरा, मग वरून चंदेरी, मग पुन्हा पांढरा. पुन्हा पांढरा. तो तेच तेच सांगत होता आणि शब्द जड करून सांगत होता.

"बाबा, बरं वाटतंय ना?"

"व्हय गो धोंडे," पोपट म्हणाला.

सासूचं नाव आपल्याला घातलेलं ऐकून नूतन हसली. म्हाताऱ्याला झोप आली असावी. मग तिच्या पोटात ढवळलं. एकदा, मग जोरात. स्वच्छ गाडीत ओकायचं म्हणजे सुशील वर्षभर ऐकवणार. ती उठली तर गुडघे आपले नाहीत असं वाटलं. फळीला धरून तिने कडी काढली आणि दार सरकवलं. थंडी तोंडावर येऊन आदळली.

"बाबा, मी आलेच. कडी लावून घ्या मागनं. पोर गारठंल."

पोपट हलत हलत उठला. तिने बाहेरून दार ओढलं, आतून कडी बसल्याचा आवाज आला, मग ती निघाली.

दहा पावलांवर तिला ओकारी झाली. कठड्याला धरून ती उभी राहिली. बर्फ घोट्यापर्यंत आला होता, चपलेत शिरत होता, कारण घाईत बूट घालायचे राहिले होते. आता आलेच आहे बाहेर, तर सुशीलला बघून यावं, म्हणून ती वळणाकडे निघाली. चढ होता. धाप लागली. वळणावर पोचली तेव्हा पुढे लांबवर माणसं दिसली, ट्रकला दोर बांधलेला, सुशीलची पिवळी टोपी. तिने हाक मारली, पण वारा उलटा होता.

आणि मग तिच्या लक्षात आलं की डोकं दुखायचं थांबलंय.

ती तशीच उभी राहिली. चढ चढून आले, धाप लागली, तरी डोकं हलकं. हवा तर इथेही तेवढीच विरळ. किंबहुना वर आले मी, इथे जास्त दुखायला पाहिजे. मग आत का दुखत होतं?

नूतनचं माहेर धाटावचं. बाप, जनू, तिथल्या एका रसायनांच्या कंपनीत शिफ्टवर. वाऱ्याने दिशा बदलली की घरात वास यायचा आणि लहानपणी ती नाक दाबून रडायची. तेव्हा जनू म्हणायचा, "वासाला काय भितेस? वासाचा गॅस सांगून येतो, माणूस पळतो तरी. बिनवासाचा आला की माणूस झोपतो, आणि झोपलेलाच ऱ्हातो." ते तिने हजारदा ऐकलं होतं. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं, एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून द्यायचं.

झोपतो. पिंकी झोपली होती. पापड हातात धरून.

नूतन पळाली. उतारावर दोनदा पडली, एक चप्पल गेली. गाडी बर्फात तशीच उभी होती, चौकोनी, शांत, काचांवर वाफ. तिने दारावर मुठी मारल्या.

"बाबा! कडी काढा! पिंके!"

आतून काही नाही. तिने कान लावला. दुहेरी रबर. सुशीलच्या गाडीतून आवाजही बाहेर येत नव्हता. तिने दार दोन्ही हातांनी ओढलं, पाय टेकवून ओढलं. आत कडी होती. ती कडी तिनेच लावायला सांगितली होती.

मागचं दार पलंगाआड. केबिनची किल्ली सुशीलच्या खिशात. दाराशेजारच्या खिडकीवर तिने रस्त्यावरचा दगड उचलून मारला. दगड उसळून तिच्याच पायावर पडला. काच नव्हतीच ती, जाड प्लास्टिक होतं. दगड लागला तरी फुटत नाही, असं सुशील अभिमानाने दाखवायचा. त्या क्षणी नवऱ्याच्या चोखपणाचा तिला असा काही संताप आला की तो समोर असता तर दगड त्यालाच बसता.

ओरडून उपयोग नव्हता. वळणापर्यंत जाऊन त्यांना बोलावून आणायचं म्हणजे तेवढा वेळ जाणार. तेवढा वेळ आतल्यांकडे आहे की नाही, ते तिला माहीत नव्हतं.

गाडीखालच्या पेटीत टायर बदलायची हत्यारं असत. पेटीला कुलूप नव्हतं, तार बांधलेली होती. बोटं बधिर झालेली, तार सुटेना. तिने दातांनी पीळ उलगडला. आत जॅक होता आणि लोखंडी टॉमी होती, हातभर लांब, टोकाला चपटी. फुटत नसेल तर उचकटायचं. साच्यातून मूर्ती सोडवायची तशी कडेला चपटं टोक घालायचं, जिथे जोड आहे तिथे, आणि दाबायचं. हे तिने रोज केलेलं काम होतं, फक्त तिथे हळू करतात. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात तिने टॉमी खुपसली आणि सगळं अंग त्यावर टाकलं. सिलिकॉन ताणलं, तुटेना. पुन्हा. खालची कड सुटली. पुन्हा. तिच्या तोंडून काय शब्द येत होते ते तिला कळत नव्हतं, गणपतीचं नाव होतं आणि शिव्याही होत्या. चौथ्या की पाचव्या झटक्याला अख्खी खिडकी रबरासकट सुटून बाहेर लोंबली आणि आतली गरम हवा तिच्या तोंडावर आली. त्या हवेला कसलाच वास नव्हता.

हात आत घालून तिने कडी चाचपली, उचलली, दार सरकवलं.

दारातच पोपट पडला होता. कडी लावून तिथेच बसला असावा आणि बसल्या जागी कलंडला असावा. तो दाराच्या आणि पलंगाच्या मध्ये आडवा होता, आणि पिंकी त्याच्यापलीकडे. वडीलधाऱ्या माणसाला ओलांडू नये. पंगतीत बसलेल्या सासऱ्याच्या नुसत्या पायांना पाय लागला तरी नूतन वाकून नमस्कार करणारी. ती त्याच्या छातीवरून पाय टाकून पलीकडे गेली. पिंकीला गोधडीसकट ओढलं, पुन्हा त्याच्यावरूनच बाहेर आली आणि पोरीला बर्फात ठेवलं. एवढा जीव तोडून जिला थंडीपासून जपलं, तिला तिने स्वतःच्या हाताने बर्फावर आडवं टाकलं.

मग पोपट. म्हातारा हाडकुळा, पण निपचित माणूस दुप्पट जड होतो. काखेत हात घालून तिने त्याला पायरीवरून खाली ओढलं, त्याचं डोकं पायरीला आपटलं आणि तो कण्हलासुद्धा नाही. शेगडी तिने उचलून दरीत भिरकावली.

पिंकीच्या गालावर तिने चापट मारली. अजून एक. "पिंके. ऊठ गो. ऊठ बाय." पोरगी ऊं करून कुशीवर वळली आणि ओकली. नूतनला वाटलं, आयुष्यात याहून सुंदर काही पाहिलेलं नाही. पण पोपट हलत नव्हता. त्याच्या नाकापाशी तिने हाताची मागची बाजू धरली. वारा इतका होता की श्वास कुठला आणि वारा कुठला ते कळेना. ती त्याच्यावर ओणवी झाली, वारा पाठीवर घेतला आणि पुन्हा हात धरला. होता. अगदी बारीक होता.

वळणावरून माणसं येताना दिसली. ट्रक निघाला होता. सुशील पुढे, हसत, अंगावर चिखल. त्याची नजर आधी लोंबणाऱ्या खिडकीवर गेली.

"खिडकी कुणी फोडली?"

मग त्याने खाली पाहिलं. बर्फातला बाप पाहिला, ओकलेली पोर पाहिली, आतल्या पत्र्यावरचं शेगडीचं काळं वर्तुळ पाहिलं, आणि त्याने छताकडे मान वर केली, तिथे, जिथे त्याने पत्रा मारला होता. त्याला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. तो बापाच्या शेजारी गुडघ्यांवर बसला आणि त्याचे गार हात चोळू लागला.

पोलिसांनी वर येणाऱ्या गाड्या अडवल्यामुळे खालचा रस्ता मोकळा होता. तिथल्याच एका माणसाने केबिनमध्ये शेजारी बसून वाट सांगितली, सुशीलने गाडी चालवली. मागे नूतनने दार उघडं धरून ठेवलं होतं, पायाने अडवून. पिंकी तिच्या मांडीवर, पोपटचं डोकं हातावर. दारातून आणि खिडकीच्या भोकातून बर्फ आत येत होता, गादीवर, ओट्यावर, पापडांच्या डब्यात साचत होता. ज्या गाडीत थेंब शिरत नव्हता तिच्यात बर्फ शिरत होता आणि नूतन म्हणत होती, ये अजून.

जिल्ह्याच्या दवाखान्यात दोघांनाही प्राणवायू लावला. पिंकी दिवस मावळायच्या आत भानावर आली आणि भूक लागली म्हणाली. पोपट आला नाही. डॉक्टरांनी हिंदीत समजावलं, पोरगी वाचली, आजोबांचं वय आहे, सकाळपर्यंत बघू, अजून थोडा वेळ आत राहिले असते तर आम्ही कुणीच काही करू शकलो नसतो. सुशील व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला. नूतन पोपटच्या पायाशी बसली. पायांवर डोकं ठेवून ती मनातल्या मनात म्हणाली, बाबा, मी तुम्हाला ओलांडलं, एकदा नव्हे, दोनदा. आधी तुम्हाला बाहेर काढता आलं असतं, वाटेतच होता तुम्ही. नाही काढलं. परत तीच वेळ आली तर परत तेच करीन. तेवढं खरं सांगते. पण उठा.

सकाळी ढग गेले होते. खिडकीतून ऊन पोपटच्या तोंडावर आलं तसे त्याने डोळे उघडले आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. समोर दरीपलीकडे अख्खा डोंगर उभा होता.

"ह्योच का?" त्याने नाकावरची नळी बाजूला करत विचारलं.

"व्हय बाबा. ह्योच कैलास."

"मग मी कैलासवासी झालो म्हणायचं."

नूतन हसायला गेली आणि हुंदकाच आला. पोपटने तिला रडू दिलं. बोलायला त्याला कष्ट पडत होते, तरी जरा वेळाने म्हणाला, "सावलीत निळा हाय गो. मी सगळा पांढराच देत आलो." मग डोळे मिटून, "मला ओलांडून गेलीस तू. पायाचा भार लागला छातीला, तेवढं कळलं."

नूतनने वाकून त्याच्या पायांना हात लावला.

"बरं केलंस," तो म्हणाला. "माझ्यापाशी थांबली असतीस तर उठल्यावर मीच थोबाडीत दिली असती."

त्यांना सोडलं त्या दिवशी सुशील सकाळपासून कुठे दिसत नव्हता. ती बाहेर आली, तर दवाखान्याच्या आवारात गाडी उभी आणि सुशील छतावर. हातात हातोडा आणि छिन्नी. त्या गोल पत्र्यावर घाव घालत होता. एम-सील दगडासारखं झालेलं, तरी घालत होता. पत्रा निघाला तेव्हा त्याने तो खाली फेकला. मग उतरला आणि बाजूच्या भिंतीला, बिछान्याच्या वर, नव्या रंगावर छिन्नी लावली. या गाडीला शेळीने अंग घासलं म्हणून त्याने शेजाऱ्याशी आठ दिवस अबोला धरला होता. एक भोक पाडलं, दुसरं पाडलं. कडा वाकड्यातिकड्या, पत्र्याचे दात बाहेर आलेले. बघ्यांतल्या एका बाईने काय चाललंय म्हणून विचारलं, पण त्याने मान वर केली नाही.

पोपट पायरीवर शाल लपेटून बसला होता. "अजून एक मार," तो म्हणाला. "माझ्या बाजूला."

सुशीलने मारलं. मग हातोडा खाली ठेवून नूतनसमोर येऊन उभा राहिला. त्याने हात पँटीला पुसले.

"उचकटलेली खिडकी," तो शेवटी म्हणाला, "तशीच ठेवतो. फक्त पडदा लावतो."

"लावा," नूतन म्हणाली.

गाडी निघाली. सतलज पुन्हा खाली दिसू लागली. छतातल्या भोकातून वारा सरळ उतरत होता, भिंतीतल्या भोकांतून शीळ घालत येत होता. पडदा फडफडत होता आणि पापडांच्या डब्याचं झाकण वाजत होतं. पिंकी दोन स्वेटर घालून, गोधडी डोक्यापर्यंत ओढून आईला बिलगली. तिचे दात कडकड वाजत होते.

"आई, थंडी वाजतेय."

नूतनने तिला जवळ घेतलं, तिच्या नाकातून येणारी वाफ बघितली, पुन्हा बघितली.

"वाजू दे, बाय," ती म्हणाली. "वाजू दे."